थोरल्याची गाडी

१

सकाळी काचेच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा गाडी फरशीवर पडलेली होती. टप आत दबलेला, दोन्ही दारं बिजागऱ्यांवर लोंबत, एक चाक घरंगळत कपाटाखाली गेलेलं. गाडी वीतभरही लांब नव्हती. पण घरातली माणसं तिच्याभोवती उभी होती ती रस्त्यावरच्या अपघाताभोवती उभी राहावीत तशी. कोणी पुढे होत नव्हतं आणि कोणी जातही नव्हतं.

खोली आप्पांची. बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात उभी हयात काढल्यावर त्यांनी लहान गाड्या करायला घेतल्या. लाकडी साच्यावर पितळी पत्रा ठोकायचा, दारं, बिजागऱ्या, स्टिअरिंग सगळं हाताने घडवायचं. भिंतींना लावलेली काचेची कपाटं त्या गाड्यांनी भरली होती. रविवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं प्रदर्शन उघडणार होतं, आणि गावभर वाटलेल्या पत्रकावर याच गाडीचं चित्र होतं.

घरात तिला ‘थोरल्याची गाडी’ म्हणत. आप्पांचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी ज्या मरून रंगाच्या गाडीत अपघातात गेला, तिची ही हुबेहूब प्रतिकृती. त्या दिवशी गाडी झाडावर आदळली. सोबत धाकटा भाऊ होता, तो वाचला. दादा वेगात होता, मी सांगत होतो, त्याने ऐकलं नाही, असं त्याने तेव्हा सांगितलं. तेव्हापासून थोरल्याचं नाव निघालं की पाठोपाठ ‘बेफिकीर’ हा शब्द यायचाच. थोरल्याची बायको तो शब्द ऐकत त्याच घरात राहिली होती.

धाकट्याने आता तिच्याकडे पाहिलं.

“वहिनी, काल एवढी भांडलात, ते याच्यासाठी?”

भांडण झालं होतं हे खरं. त्यांच्या मरणाचं प्रदर्शन मांडू नका, ही एक गाडी घरी राहू द्या, असं ती आप्पांना म्हणाली होती. आप्पांनी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नव्हतं.

“मी हात लावलेला नाही,” ती म्हणाली. एकदाच म्हणाली.

धाकट्याने मग बरंच काही ऐकवलं. आप्पांच्या म्हातारपणाचा एकुलता एक आनंद हिने चिरडला, आता हिने भावाकडे जावं, एका छताखाली आपल्याला राहायचं नाही. ती ऐकून घेऊन आपल्या खोलीत गेली आणि कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला.

आप्पा गुडघ्यावर हात ठेवून गाडीकडे बघत होते. मग ते म्हणाले,

“पोचेबाईंना बोलवा.”

“त्या कशाला?” धाकटा म्हणाला. “दुरुस्त करणारा कोणीतरी बघायला हवा.”

“दुरुस्तीचं नंतर.”

२

पोचेबाई हे आडनाव नव्हतं. अपघातातल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल द्यायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं, आणि पत्र्यावरच्या पोच्यावरून अपघात कसा झाला ते सांगायच्या म्हणून गॅरेजवाल्यांनी त्यांना हे नाव ठेवलं. आता त्यांची पत्रंसुद्धा त्याच नावाने येत. नवरा थट्टेने म्हणायचा की माझं आडनाव हिने एकाच पोच्यात घालवलं.

त्यांनी जुनं वर्तमानपत्र मागितलं, फरशीवर पसरलं आणि एकेक तुकडा उचलून त्यावर मांडला. धाकट्याने त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्या बसल्या नाहीत.

“ही कपाटातून पडली असं म्हणता?”

“पाडली,” धाकटा म्हणाला. “सगळ्यात वरच्या फळीवर होती. स्टूल तिथेच आहे बघा, कपाटासमोर. चढून काढली आणि आपटली.”

पोचेबाईंनी गाडी उलटीसुलटी केली. पडलेल्या वस्तूचा एखादा कोपरा दबतो, त्या म्हणाल्या. इथे टप आणि तळ दोन्हीकडून सारखे दबले होते, आणि दोन्हींवर बारीक आडव्या रेघा उठल्या होत्या. त्या शेजारच्या कामाच्या खोलीत गेल्या. तिथे बाकाला व्हाइस बसवलेला होता, हँडल फिरवलं की वस्तू लोखंडी जबड्यात घट्ट धरणारा. जबड्यांना रेघा होत्या. खालच्या बाजूला मरून रंगाचा नखाएवढा पापुद्रा चिकटलेला होता.

“हे रागाचं काम नाही,” त्या परत येऊन म्हणाल्या. “रागावलेला माणूस आपटतो आणि मोकळा होतो. हँडल फिरवत बसत नाही.”

मग त्या मांडलेल्या तुकड्यांकडे वळल्या. चाकं होती, दिवे होते, स्टिअरिंग होतं, आतला आरसा होता, मागची लांब सीट होती, पुढची शेजारच्याची सीट होती. चालकाची सीट नव्हती.

कपाटाखाली हात घालून झाला. केर काढून बघितला. बाईंनी तो चाळून बघायला चाळणी मागितली, तेव्हा थोरली सून स्वयंपाकघरात गेली आणि उंच कपाटावरची चाळणी हात वर करून सहज काढून घेऊन आली. केर चाळला. सीट मिळाली नाही.

गाडीच्या पितळी तळावर, जिथे सीट असायला हवी होती तिथे, पेचकसाचे ओरखडे होते.

“मला वाटलं होतं, गाडी मोडताना सीट कुठेतरी उडाली,” पोचेबाई म्हणाल्या. “पण झालंय ते उलटं. सीट काढायची होती. ती निघेना, तळ खरवडला गेला. तो लपवायला गाडी मोडली.”

३

नखाएवढी सीट कोणाला हवी असेल? पोचेबाईंनी आधी रंगाऱ्याला गाठलं.

आप्पांच्या गाड्यांना रंग देणारा हा त्यांचा कारखान्यातला जुना सोबती. उंच आणि सडपातळ, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणत. तो रुसलेला होता. पत्रकावर माझं नाव शोधून दाखवा, तो म्हणाला, हवं तर भिंग घ्या. रंगाचे थरावर थर मी चढवले, आणि गाडी यांची. काल संध्याकाळी तो सगळ्यांच्या आधी निघून गेला होता, पण कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लटकते हे त्यालाही ठाऊक होतं.

“म्हणजे तुम्हीही मोडू शकत होता.”

“मी? मोडायची असती तर रंग खरवडला असता, बाई. रंग माझा आहे. सीट घेऊन काय करू, बसू तिच्यावर?”

मात्र गाड्यांविषयी बोलायला लागल्यावर त्याचा राग ओसरला. आप्पा नुसतं मॉडेल कधी करत नाहीत, तो सांगू लागला. प्रत्येक गाडी कोणाची तरी असते. ही काळी डॉक्टरांची. त्यांचं पोट स्टिअरिंगला लागायचं, म्हणून सीट पार मागे. ती हिरवी शाळेच्या मोठ्या बाईंची, तिच्या सीटवर उशी आहे, कारण उशीशिवाय त्यांना पुढचं दिसत नसे. एकदा गाडी कपाटात गेली की आप्पा तिची दारं उघडू देत नाहीत. त्यामुळे ती उशी कोणाला दिसत नाही. पण ती आहे. दिसत नाही म्हणून खोटं करायचं नाही, असं आप्पांचं म्हणणं.

“आणि थोरल्याच्या गाडीची मापं?”

“ती खऱ्या गाडीवरनं. मोडलेली गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. आप्पा टेप आणि कंपास घेऊन एकटा आत बसायचा. कोणी जवळ जायचं नाही. पुढचं चेपलेलं तोंड त्याने आठवणीतून सरळ केलं. आतलं मात्र होतं तसंच केलं.”

पोचेबाई वरच्या फळीकडे बघत होत्या. “सगळ्यात चांगली गाडी इतक्या उंच का ठेवली? तिथून तिचं पोट तेवढं दिसत असेल.”

“मीही तेच म्हणत आलो. ऐकतोय कोण? आणि काल बघा. फोटोवाला आला, त्याने ऐटीत सांगितलं की उद्या दारं उघडून आतले फोटो घेऊ. मला वाटलं, आता आप्पा याला बाहेर काढतो. तर म्हणाला, घे.”

“हे कोणाकोणासमोर?”

“सगळ्यांसमोर. सूनबाई चहा घेऊन आली होती. धाकटा खोकी बांधत होता.”

थोरली सून आपल्या खोलीत बॅगेजवळ बसली होती. ती गाडी मला नको होती, हे तिने लपवलं नाही. रोज केर काढताना तिच्यासमोर मान खाली घालून जावं लागायचं. आपण मोडली असती तर तसं सांगितलं असतं, आता कोणाचं भय उरलंय. नवऱ्याबद्दल विचारल्यावर ती दाराकडे बघून पहिल्यांदा थोडं हसली.

“ही चौकट त्यांच्या कपाळाला ओळखायची. वाकून यायचं विसरले की एक टेंगूळ. लग्नात लोक म्हणाले, बरं झालं, दोघंही ताडमाड, एकमेकांशी बोलताना मान दुखायची नाही.”

“गाडी बेफाम चालवायचे?”

“माझ्याबरोबर तरी कधी नाही. मला शिकवणार होते. म्हणाले, आधी धाकट्याला येऊ दे, मग तुझा नंबर.”

पोचेबाईंनी बॅगेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, थोडं थांबा, एवढ्यात कुलूप लावू नका.

४

त्या पुन्हा मोडक्या गाडीपाशी बसल्या. आता त्यांना सीट नको होती. त्यांनी दबलेला टप हळूच वर वाकवला आणि टॉर्चच्या उजेडात तळ न्याहाळला.

दुसरा कोणी असता तर त्याने सीट गोंदाने चिकटवली असती, आणि ती निघाल्यावर मागे काही राहिलं नसतं. आप्पांनी ती सोल्डर वितळवून पितळेला जोडली होती. ती उपटताना जोड तुटला, आणि काळवंडलेल्या पितळेवर त्याचे चकचकीत ठिपके उरले. चार ठिपके, सीटच्या चार पायांचे. शेजारच्याची सीट दारातून सहज बसता येईल अशी मागे बसवलेली होती. तिचेही ठिपके तसेच मागे होते. चालकाच्या सीटचे ठिपके खूप पुढे होते, स्टिअरिंगला जवळजवळ भिडलेले.

सीट नेली, पण तिची जागा मागे राहिली. असली चूक गाडी न बनवलेला माणूसच करणार.

पोचेबाईंनी सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. रंगारी भिंतीला टेकून उभा राहिला. थोरली सून दारात थांबली. आप्पा खुर्चीत होते. धाकटा येईपर्यंत बाईंनी वाट पाहिली, आणि तो आल्यावर त्यांनी त्याला एक साधं काम सांगितलं. वरच्या फळीवरची धूळ पुसायचं फडकं तिथेच राहिलंय, तेवढं काढून द्या.

त्याने हात वर केला. फळी बोटांना लागेना. मग पायाने स्टूल ओढून घेऊन तो चढला आणि फडकं हातात घेतल्यावर, अजून स्टुलावरच असताना, थांबला. खाली सगळे त्याच्याकडे बघत होते.

५

“उतरा,” पोचेबाई म्हणाल्या. “स्टूल तुम्हीच मला दाखवलंत, म्हणून सांगते. तुमच्या वहिनींना त्या फळीसाठी स्टूल लागत नाही. बांबूंना तर नाहीच. आप्पांना लागेल, पण त्यांचे गुडघे त्यांना चढू देणार नाहीत. उरलात तुम्ही.”

धाकटा म्हणाला की एवढ्यावरून चोर ठरवायचं तर गावातले अर्धे लोक चोर ठरतील. आवाज शांत होता, पण फडक्याची घडी त्याने दोनदा घालून दोनदा मोडली.

“चोर कोणीच नाही. ती सीट विकून कोणाला काय मिळणार?” बाईंनी गाडी त्याच्यासमोर धरली. “या घरातल्या प्रत्येक गाडीची सीट तिच्या मालकाच्या बेताची आहे. ही गाडी ज्याची, तो या चौकटीला डोकं आपटून घ्यायचा. त्याचे पाय या जागेत मावले नसते. आज फोटोवाला दारं उघडणार होता. आज ना उद्या कोणीतरी विचारलं असतं, एवढ्या पुढे बसून कोण चालवत होतं?”

“आदळल्यावर सरकली असेल सीट.”

“सीट खटक्यात बसते. धक्क्याने सरकली तर खटका मोडतो.” त्या वळल्या. “आप्पा, खरी गाडी तुम्ही मोजली होतीत. खटका मोडला होता?”

आप्पा जमिनीकडे बघत होते.

“शाबूत होता,” ते म्हणाले. मग, कोणी विचारलं नसताना, आणखी एक गोष्ट सांगितली. “आरसाही खाली वळवलेला होता. थोरल्याला त्यात रस्ता दिसला नसता.”

दारातली सून चौकटीला धरून उभी होती. धाकटा स्टुलावर बसला. मग जे बोलला ते सगळं एका सुरात, कधीचं पाठ करून ठेवल्यासारखं. दादा त्याला शिकवत होता. रस्ता मोकळा बघून त्याने वेग वाढवला, दादा ‘हळू’ म्हणाला, तो हसला. झाड. माणसं धावत येईपर्यंत त्याने दादाला बाहेर काढून रस्त्यावर निजवलं होतं. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं. कोणीतरी विचारलं, कोण चालवत होतं? तोंडातून निघालं ते निघालं. दादा वाचला तर खरं सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

“आणि नाही वाचला,” तो म्हणाला. “मग कोणाला सांगू?”

“मला,” थोरली सून म्हणाली.

त्याने खिशात हात घालून सीट काढली आणि वर्तमानपत्रावर, इतर तुकड्यांशेजारी ठेवली. फेकून द्यायला गेलो होतो, म्हणाला, टाकवेना.

पोचेबाईंचं काम खरं तर इथे संपलं होतं. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती.

“आप्पा, दुरुस्तीवाला सोडून तुम्ही मला का बोलावलंत?”

म्हाताऱ्याच्या हाताला कंप होता. तो दुसऱ्या हाताने दाबून धरत ते म्हणाले, “तोंडाने बोलवत नव्हतं. म्हटलं, मोजणाऱ्याला बोलवावं.”

सून खोलीत आली. “तुम्हाला कधी कळलं?”

“माप घेताना. त्या सीटवर बसलो तर माझेच गुडघे अडले. तेव्हाच.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “एक गेला होता, सूनबाई. दुसराही जाईल म्हणून गप्प बसलो. खोटी सीट करायला हात धजेना, म्हणून खरी केली आणि वर ठेवून दिली, कोणी वाकून बघू नये अशी. आता माझं काही खरं नाही. फोटोवाला म्हणाला तेव्हा वाटलं, दार तरी उघडू दे.”

“आणि मी?”

आप्पा खुर्चीतून उठू लागले, तिने हातानेच त्यांना थांबवलं.

“इतकी वर्षं त्यांना बेफिकीर म्हणालात. माझ्यासमोर. मी वाढत असायचे आणि तुम्ही म्हणायचात.” तिचा आवाज चढला नाही. “सकाळी भाऊजींनी मला घराबाहेर काढलं, तेव्हाही तुम्ही खरं बोलला नाहीत. बाईंना बोलवा म्हणालात.”

रंगारी खाकरला. गाडीचं काय करायचं, मी रात्रंदिवस बसून नवी करतो, असं तो पुटपुटला. सुनेने मान हलवली.

“हीच न्या. अशीच. रंगाचा हात लावायचा नाही. सीट होती तिथे बसवा. आणि ही मोडकी गाडी का मांडली असं जो विचारेल, त्याला तुम्ही सांगायचं, आप्पा. भाऊजींनी नाही, बाईंनी नाही. तुम्ही. मग मी राहायचं की जायचं ते बघेन. बॅग भरलेलीच आहे.”

६

रविवारी सभागृहात पत्रकावरची गाडी बघायला आलेली माणसं मधल्या बुटक्या टेबलापाशी येऊन थबकत होती. टप दबलेला, दारं उघडी, मरून रंग जागोजाग उडालेला. आत पितळी तळावर, स्टिअरिंगला भिडलेली, नखाएवढी सीट. ती आप्पांनी स्वतः बसवली होती. कंपामुळे सारखी हातातून सुटत होती, आणि रंगाऱ्याने मदत करू नये असं त्यांनी त्याला बजावलं होतं.

पोचेबाई दुपारी आल्या. धाकटा भिंतीशी उभा होता. सकाळी तो पोलीस चौकीवर जाऊन आला होता, तिथे त्याला उद्या पुन्हा यायला सांगितलं होतं. थोरली सून दाराजवळच्या खुर्चीत होती. बॅग तिच्या पायाशी, उचलून निघता येईल अशी.

“मुद्दाम मोडलेली ठेवलीय का हो?” कोणीतरी विचारलं.

“माझा थोरला या गाडीत गेला,” आप्पा म्हणाले. “चालवत धाकटा होता. थोरला शिकवत होता. त्याची काही चूक नव्हती.”

विचारणारा ओशाळून पुढे सरकला. थोड्या वेळाने दुसऱ्याने विचारलं. आप्पांनी त्याच शब्दांत सांगितलं. मग शाळेतली मुलं आली, त्यांच्यातल्या एकीने विचारलं, तिलाही सांगितलं. धाकटा पहिल्या वेळी बाहेर निघून गेला होता. पुढच्या वेळी त्याने मान खाली घातली. नंतर तो तसाच उभा राहून ऐकत राहिला.

उन्हं कलली तेव्हा आप्पांचा घसा पार बसला होता. डॉक्टरांची बायको काळी गाडी बघून डोळे पुसत या टेबलाशी आली आणि तिने विचारलं, अहो, ही अशी कशी? आप्पांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्यांनी घशाला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नुसती हवा निघाली.

सून खुर्चीतून उठली नाही. बघत राहिली.

“त्यात माझा दादा गेला,” भिंतीकडून आवाज आला. धाकटा टेबलापाशी आला होता. “मी चालवत होतो. तो हळू म्हणाला होता. मी ऐकलं नाही.”

डॉक्टरांच्या बायकोने वाकून गाडीच्या आत पाहिलं, आणि मग, कशासाठी कोण जाणे, उघडं दार बोटाने हलकेच लावून घेतलं.

“उघडं राहू द्या,” थोरली सून दाराजवळून म्हणाली.

ती उठून टेबलापाशी आली आणि दार तिने स्वतः पुन्हा उघडलं. परत जाऊन खुर्चीत बसताना तिचा पाय बॅगेला अडखळला. तिने ती खुर्चीखाली सरकवली.